बिब्याच्या पोटातली गोडंबी

(फाल्गुन. गावच्या आरोग्य उपकेंद्राचा ओटा, सकाळचे दहा. सासू पंचफुलाबाई आणि सून शिवकन्या बसल्या आहेत. शिवकन्येच्या मांडीवर अकरा दिवसांची मुलगी. नवरा परमेश्वर जीप बघायला फाट्यावर गेला आहे. सिस्टर मंजुषा आतून टॉर्च आणते आहे.)

पंचफुलाबाई : ...अन् उखळापाशी पाय लांब करून माझी सासू म्हनायची बग. तिला जाऊन ईस वर्सं झाली, पर आवाज अजून कानात हाय.
'वरून काळा बिबा, अंगाला उतत जाई
पोटात पांढरी गोडंबी, लेकुरवाळी खाई.'
असं म्हनत एक-एक दाना माझ्या तळहातावर ठेवायची. खाय गं पोरी. एकच लाडू. कालपासून पोटात काई न्हाई तुझ्या.

शिवकन्या : पुढं काय व्हतं, आत्याबाई? ओवीला?

पंचफुलाबाई : पुढं... इसरले.

शिवकन्या : माझ्या चोळी-ओटीला तर चारी ओळी म्हनल्या व्हत्या तुमी.

पंचफुलाबाई : म्हातारं डोस्कं हाय. ऱ्हातंय काय ध्यानात? घे, अर्धा तरी घे.

शिवकन्या : नगं. लाडू खाल्ला की पान्हा फुटतो. अन् पान्हा कुनासाठी फोडू? डबा बंद करा. वासानं मळमळून राहिलं.

मंजुषा : शिवकन्या, हिला उजेडाकडं कर जरा. अशी. मान धर. ओठ नको ओढूस, मी बघते... अगं आई.

शिवकन्या : काय झालं, सिस्टर?

मंजुषा : केवढं सुजलंय तोंड! आतून फोड आहेत, पाण्यानं टरारलेले. हा कोपरा तर पार काळा पडलाय. कधीपासून?

शिवकन्या : परवा सांजच्याला लाल दिसलं. म्या म्हनलं, उष्णता असंल. काल सकाळी छातीला लावली अन् अशी किंचाळली, सिस्टर, की गोठ्यातल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. तवापासून जवळ घेतलं की तोंड फिरवती. माझा वासच नको झालाय तिला.

मंजुषा : म्हणजे कालपासून पोटात काहीच नाही?

पंचफुलाबाई : शेळीचं दूध दिलं, माय. कापसाचा बोळा करून. समदं गालावरून गळालं.

मंजुषा : लघवी?

शिवकन्या : रातच्याला एकदा. दुपट्याला नुसता डाग.

मंजुषा : हे तोंड आलेलं नाही. तोंड आलेली शंभर लेकरं बघितली मी. हे भाजल्यासारखं दिसतंय. आजी, काही गरम पाजलं का? चुन्याची निवळी? कुणी चटका दिला? खरं सांगा, मी रागवणार नाही.

पंचफुलाबाई : चटका देनारं घर न्हाई आमचं.

मंजुषा : घुटी?

पंचफुलाबाई : पाचव्या दिशी उगाळली व्हती. हळकुंड, बाळहिरडा. जी परमेश्वराला दिली, तीच.

शिवकन्या : घुटीचं न्हाई, सिस्टर. काहून त्यांना इचारता? माझ्या दुधाचं हाय. शेजारच्या पद्मामावशीनं मुंगी सोडून बघितली.

मंजुषा : मुंगी?

शिवकन्या : वाटीत दूध पिळलं. त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली. दूध बाधलंय म्हनली. इखार झालंय.

मंजुषा : अगं, वाटीभर दुधात मुंगी बुडून मरणार नाही तर काय काठावर येऊन वेणी घालणार? पद्माबाईला सिद्धेश्वरच्या धरणात सोडलं असतं, मग काय धरणाचं पाणी बाधलंय म्हणायचं का?

शिवकन्या : हसू नका, सिस्टर.

मंजुषा : हसत नाही गं. राग येतोय मला. हे काय? पदराखाली काय आवळलंस?

शिवकन्या : पट्टा.

मंजुषा : कशाचा?

शिवकन्या : मामंजीच्या धोतराचा. मधी मोगऱ्याची फुलं ठेवली. चार दिसांत दूध आटतं म्हनत्यात.

मंजुषा : हात लावू दे... तापानं फणफणलीयेस की. दगड झालेत दोन्हीकडं. दुखत नाही?

शिवकन्या : दुखतंय.

मंजुषा : सोड ते आधी.

शिवकन्या : न्हाई.

मंजुषा : शिवकन्या, मी सांगते ना. आईचं दूध असं विष होत नसतं.

शिवकन्या : तुमी सांगता. पर लेकराचं तोंड काय सांगून राहिलं? ती घुटी सोडली तर तिनं माझ्याबिगर काई तोंडात घेतलंय का? न्हाई ना? मंग जळलं कशानं? मी सातवीपर्यंत शिकले, सिस्टर, मलाबी हिशेब कळतो. पट्टा न्हाई सोडनार मी. सोडला अन् पाझरलं, अन् माझा जीव कच्चा झाला, अन् पुन्हा लावली तिला, तर?

मंजुषा : आजी, तुम्ही तरी समजवा. एवढे पावसाळे बघितलेत तुम्ही. अन् तुमच्या डोळ्यांदेखत हे बांधू दिलंत?

पंचफुलाबाई : मीच गाठ मारली.

मंजुषा : धन्य आहे. एका हातानं दूध यावं म्हणून लाडू करता, दुसऱ्या हातानं गाठ मारता. बघू तो डबा.

पंचफुलाबाई : गोडंबीचे हाईत. डिंक, खारीक, खोबरं. शेरभर गोडंबी टाकली, बराबर. हात आखडला न्हाई.

मंजुषा : दिसतंय. पांढरीशुभ्र आहे. हे मात्र चांगलं केलंत. ऐक, शिवकन्या. झाड बघ कसं असतं. आपलं बी वाऱ्यावर, खडकावर कुठंही पडणार, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून बीच्या पोटात शिदोरी बांधून देतं. कोंब फुटून पान येईस्तोवर पुरावी म्हणून. बदाम घे, चारोळी घे, नाहीतर आपल्या माळावरची ही गोडंबी. वाळली की पाणी उडतं, सत्त्व जागेवर राहतं. तेल त्यातच, अंग भरून काढणारी प्रथिनं त्यातच, लोहसुद्धा. मुठीत मावतील एवढ्या दाण्यांत एका भाकरीची ताकद.

पंचफुलाबाई : माझी सासूबी हेच म्हनायची. झाडाचं बाळंतपन बीत असतं म्हनायची.

मंजुषा : बरोबर म्हणायच्या. मात्र एक सांगते, गोडंबीनं दूध उतरत नसतं. दूध उतरतं लेकरानं ओढल्यावर. गोडंबी आईचं अंग सांभाळते. लेकराला देता-देता ती रिकामी होऊ नये म्हणून. त्यामुळं खा. अन् ते सोड.

शिवकन्या : एवढं चांगलं खाल्लं मी. मंग त्याचं इख कसं झालं माझ्या अंगात? म्हंजे माझंच अंग वंगाळ.

मंजुषा : कोण म्हणतं असं?

शिवकन्या : कुनी म्हनायला कशाला पायजे? आत्याबाईबी परवापासून माझ्याकडं डोळा वर करून बघत न्हाईत.

मंजुषा : आजी, कुठून आणलीत गोडंबी? बाजारातली खवट निघते बऱ्याचदा.

पंचफुलाबाई : जवळा बाजार गावातून. वळखीचं दुकान हाय.

मंजुषा : मग ती नाही बाधायची. पण मला काहीतरी सापडलं पाहिजे. तासाभरात हे लेकरू हिंगोलीला डॉक्टरांपुढं असणार. ते मला विचारणार, काय झालं. मी काय सांगू? मुंगी मेली म्हणून?

पंचफुलाबाई : वाचंल का, माय?

मंजुषा : कारण कळलं तर औषध कळेल. आजी, हे पट्ट्याचं तुम्हाला कुणी शिकवलं?

पंचफुलाबाई : माझंबी बांधलं व्हतं.

मंजुषा : कधी?

पंचफुलाबाई : भात्तरच्या सालात. दुष्काळ मोठा. खडी फोडायच्या कामावर अर्धा गाव. परमेश्वराच्या आधी मला एक लेक झाली व्हती. नाव ठेवलं न्हवतं.

शिवकन्या : हे मला कधी सांगितलं न्हाई तुमी.

पंचफुलाबाई : काय सांगायचं? आठ-नऊ दिसांची व्हती. चांगली लुचू-लुचू प्यायची. एका दिशी तोंड लावीना. सासूनं मुंगी सोडली. मेली. दूध बाधलं म्हनली. पट्टा बांधला. पाचव्या दिशी लेकरू गार पडलं.

मंजुषा : आजी... तोंड कसं झालं होतं तिचं?

पंचफुलाबाई : कसं म्हंजे?

मंजुषा : ओठ. ओठ कसे होते?

पंचफुलाबाई : अस्सेच.

मंजुषा : असेच सुजलेले? फोड आलेले?

पंचफुलाबाई : अस्सेच. कोपऱ्याला काळं.

मंजुषा : दोन बाया, दोघींचं दूध निराळं, मधे तीस वर्षं. अन् तोंड एकच? मग हे दुधात नाही, आजी. हे तुमच्या घरात आहे. काय आहे तुमच्या घरात?

पंचफुलाबाई : जीपीचा आवाज येतोय का गं?

शिवकन्या : न्हाई. वारं हाय.

मंजुषा : बरं. आजी, नातीला घ्या मांडीवर. मी हिचा पट्टा सैल तरी करते.

पंचफुलाबाई : नगं.

मंजुषा : काय नको?

पंचफुलाबाई : सतरंजीवर ठिवा तिला. मी न्हाई घेत.

मंजुषा : जीव चाललाय लेकराचा अन् घेत नाही म्हणता?

शिवकन्या : परवापासून घेतलंच न्हाई, सिस्टर. आधी भुईवर टेकू देत न्हवत्या. म्हनायच्या, पाळना कशाला, माझी मांडी हाय. आता माझ्या दुधाची म्हनून तिचाबी इटाळ झाला त्यांना.

पंचफुलाबाई : तसं न्हाई, पोरी.

शिवकन्या : मंग कसं? सांगा ना. पदरात हात घालून बसल्या दोन दिस. लेकरू रडून-रडून बेजार झालं, आवाज निघंना तिचा, अन् तुमी आपल्या हात झाकून बसल्या. मी काय पाप केलंय? काय केलंय मी, सांगा! हिला काई झालं ना, आत्याबाई, तर घरी कोन जाईल? मी न्हाई जानार. जे अंग आपल्या लेकराला जाळतं, ते ठिवून काय करू? तुमी तुमच्या लेकाला दुसरी करा. गोड दुधाची.

मंजुषा : शिवकन्या! असं तोंडातून काढायचं नाही.

शिवकन्या : खरं बोलले.

पंचफुलाबाई : गाठ सोड, पोरी.

शिवकन्या : काय?

पंचफुलाबाई : गाठ सोड. तुझं दूध गोड हाय. सिस्टर, सोडा तिची गाठ, मला शिवता येत न्हाई. माझे हात बगा.

मंजुषा : पुढं करा... हे काय, आजी? सालटी निघालीत बोटांची! हा काळा डाग—

पंचफुलाबाई : बिबा हाय.

मंजुषा : बिबा?

पंचफुलाबाई : गोडंबी बाजारातली न्हाई. लबाड बोलले. बाजारात गोडंबी मुठीनं मिळती अन् पिवळी पडलेली असती. मला माझ्या सुनेला पांढरी घालायची व्हती. तिच्या मामंजीनं शेळ्यांमागं फिरून माळाचे बिबे येचून आनले. ते वाळवले. गोठ्यात बसून तीन दिस फोडले मी. हिला कळू दिलं न्हाई, वल्या बाळंतिनीच्या घरात बिबा फोडू नये म्हनत्यात. एक-एक फोडला की काळं तेल उडतंय, लागंल तिथं कातडं जाळतंय, चिमटा ऱ्हात न्हाई हातात. पर आतून दाना निघाला की जीव हरखतो.

मंजुषा : अन् त्याच हातानं?

पंचफुलाबाई : धुतले व्हते, माय! राखेनं धुतले, मातीनं घासले, खोबऱ्याचं तेल चोळलं. परवा दुपारी ही न्हानीत व्हती. लेकरू उठलं, भुकेनं मूठ चोखाया लागलं. म्हनलं, आई येईस्तोवर जरा रमू दे. गुळाच्या पान्यात करंगळी बुडवली अन् चाटवली. दोनदा. कशी चुटुचुटु चोखली तिनं! नखात ऱ्हायला व्हता. सांजच्याला माझीच करंगळी उतली, फोड आले, तवा कळलं.

शिवकन्या : परवा सांजच्याला.

पंचफुलाबाई : व्हय.

शिवकन्या : म्हंजे मुंगी सोडली, तवा ठाऊक व्हतं तुमाला.

पंचफुलाबाई : व्हय.

शिवकन्या : अन् गाठ मारली तवा?

पंचफुलाबाई : व्हय, पोरी. गाठ मारताना फडकं गुंडाळलं व्हतं बोटाला. तुला लागू नये म्हनून.

शिवकन्या : मला लागू नये म्हनून! दोन दिस मी सवताला शिव्या देऊन राहिले. दोन दिस! लेकराला शेवटचं बघावं तशी बघत बसले. अन् तुमी... तुमी लाडू खाय म्हनत व्हत्या मला!

पंचफुलाबाई : मार मला. लेकाला सांग, गावाला सांग. तोंडातून निघंना माझ्या. वाटलं, सांगितलं तर पुन्हा कधी मांडीवर देनार न्हाईस. आता नगंच देऊस.

मंजुषा : भांडण नंतर. शिवकन्या, हात वर कर, सोडू दे मला... सुटलं. बाई गं, अंगावर वळ उठलेत. ही वाटी उकळलेली आहे, धर खाली. हलक्या हातानं, बाहेरून आत. रडू नको, रड हवं तर, पण हात थांबवू नको. आजी, उठा. तुम्ही कशाला हात लावू नका, फक्त टेबलावर खोबरेल तेलाची बाटली आहे, ती कोपरानं ढकला माझ्याकडं. ओठांना बाहेरून लावते. बाकी डॉक्टर बघतील. बिबा आहे, एवढं सांगता आलं, अर्धं काम झालं.

शिवकन्या : येत न्हाई, सिस्टर. दुखतंय निसतं.

मंजुषा : येईल. दाब.

शिवकन्या : आटलं असंल. बांधलं ना चांगलं आवळून.

मंजुषा : एका रात्रीत आटत नाही. लेकराकडं बघ अन् दाब.

शिवकन्या : ...आलं. सिस्टर, आलं. बगा, धार लागली.

मंजुषा : चमचा दे. आता हिची मान जरा उंच धर. ओठाला लागू द्यायचं नाही, गालाच्या आत सोडायचं. थेंब... अजून एक... गिळ गं राणी. गिळ.

शिवकन्या : बाहेर येतंय.

मंजुषा : येऊ दे. पुन्हा.

शिवकन्या : सिस्टर, गळा हालला! हालला ना?

मंजुषा : हालला. पुन्हा एक. जीपमध्ये असंच थेंब-थेंब करत जायचं हिंगोलीपर्यंत. मी आहे सोबत. अजून काही सांगत नाही मी, कळलं? लेकरू फार सुकलंय. पण गिळलं तिनं.

पंचफुलाबाई : हॉर्न वाजला. परमेश्वर आला.

मंजुषा : चला. दुपटं गुंडाळ. आजी, तुम्ही?

पंचफुलाबाई : मी कशाला? मी हितंच बसते ओट्यावर. माझा हात कुठं लागायला नगं.

शिवकन्या : डबा घ्या, आत्याबाई.

पंचफुलाबाई : आं?

शिवकन्या : लाडवाचा डबा घ्या, अन् मागं बसा. वाटेत मला घास लागंल. माझा हात रिकामा न्हाई. मांडीवर लेकरू न्हाई देनार मी तुमाला. आज न्हाई. उद्याचं उद्या.

पंचफुलाबाई : डब्याला हात लावू?

शिवकन्या : फडकं गुंडाळा. तवा गुंडाळलं व्हतं ना?

मंजुषा : आजी, चढा लवकर. काय झालं? का थांबलात?

पंचफुलाबाई : ती ओवी, सिस्टर. पुढची. इसरले न्हवते मी.

मंजुषा : ओवी जीपमध्ये म्हणा.

पंचफुलाबाई : परमेश्वरासमोर न्हाई म्हनता यायची. दोनच ओळी हाईत.
'बिबा फोडल्या हातानं, पाळन्यापाशी जाऊ नको
तान्ह्या गं बाळाच्या, व्हटाला बोट लावू नको.'
माझी सासू आधी पयल्या दोनच म्हनायची. ह्या दोन माझी लेक गेल्यावर म्हनाया लागली. उखळापाशी बसून, खाली मान घालून. मला वाटायचं, रीत सांगती. त्या दुष्काळात खायाला दाना न्हवता घरात, तरी बाळंतपनात रोज मूठभर गोडंबी द्यायची मला. कुठून आनती, इचारलं न्हाई मी कधी. हात पदरात असायचे तिचे.

शिवकन्या : आत्याबाई...

पंचफुलाबाई : परवा करंगळी उतली, तवा दोन्हीबी लेकरं एकदमच दिसली मला. तुझीबी अन् माझीबी. त्याच्यानंतर मी कुनाच्याबी लेकराला छातीला लावलं न्हाई, सिस्टर. परमेश्वरालाबी शेळीच्या दुधावर वाढवला. मला भ्याव वाटायचं माझं.

मंजुषा : चढा, आजी. माझा हात धरा. मनगटाला धरते.

पंचफुलाबाई : मंग माझंबी दूध गोडच व्हतं म्हना की, सिस्टर.